वाळलेल्या लाकडाचा दर

मुलांच्या वसतिगृहात अधीक्षक म्हणून रुजू झालं की प्रत्येक जिनसाची पारख करायला कुणी ना कुणी शिकवतं. गहू मुठीत घेऊन बघायचा, तूरडाळ दाताखाली फोडून बघायची, ब्लँकेट उजेडाला धरून वीण बघायची. जळणाची पारख मात्र मला कुणी शिकवली नाही. खर्चाच्या वहीत ‘सरपण, इतके क्विंटल, असा दर’ एवढी एक ओळ असायची आणि तिच्यापुढे बिलाचा क्रमांक. लाकूड कोणतं, कधी तोडलेलं, ओलं की वाळलेलं, याला वहीत रकानाच नव्हता. त्या एका ओळीत वसतिगृहाचा किती पैसा धुरावाटे जातो आणि मुलांच्या अंगावर किती गार पाणी पडतं, हे कळायला मला काही हिवाळे लागले. आपल्या भागात आजही कितीतरी वसतिगृहं, आश्रमशाळा, आचारी आणि घरं लाकडावर चालतात. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आमचं वसतिगृह संभाजीनगरहून वेरूळला जाताना दौलताबादचा घाट चढल्यावर लागणाऱ्या खुलताबादच्या पठारावर होतं. संस्थेचं कार्यालय शहरात आणि मुलं डोंगरावर. मराठवाडा म्हटलं की लोकांना बेचाळीस अंशांचं ऊन आठवतं. पण संभाजीनगर शहर समुद्रसपाटीपासून साधारण 570 मीटरवर, आणि खुलताबादच्या पुढचं म्हैसमाळ एक हजार मीटरच्याही वर आहे. डिसेंबर-जानेवारीत शहरातच पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो. पठारावर पहाटे वारा सुटला की गारठा हाडापर्यंत जातो. टाकीतल्या पाण्यात हात घातला तर बोटं आखडायची.

मुलं बहुतेक कन्नड, सोयगाव, पैठण या बाजूची. अनेकांचे आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे ते थेट उन्हाळ्यात परतायचे. म्हणजे थंडीचे नेमके महिने या मुलांना आई जवळ नसायची. लहान मुलगा गार पाण्याची आंघोळ टाळतो. नळाखाली डोकं ओलं करून टॉवेल गुंडाळून येतो आणि आंघोळ झाली म्हणून सांगतो. एकाला खरूज झाली की बघता बघता खोलीभर पसरते. म्हणून पहाटेचं ऊन पाणी ही माझ्या लेखी चैन नव्हती. तो मुलांच्या तब्येतीचा आणि त्यांच्याकडे कुणाचं तरी लक्ष आहे, हे त्यांना रोज कळण्याचा प्रश्न होता.

पाणी तापवायला लोखंडी बंब होते. दोनशे लिटरच्या पिंपाचे, मधून धुराची नळी काढलेले, लोहाराकडून करून घेतलेले. त्यांना लागणारं लाकूड थंडी पडली की शहरातल्या वखारीतून आणायचं, अशी जुनी पद्धत होती. ती फार अडचणीची होती. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते, आचाऱ्यांना भट्टीसाठी लाकूड हवं असतं, घरोघरचे बंब पेटतात आणि हुरडा पार्ट्या सुरू झाल्या की शेतावरच्या चुलींनाही लाकूड लागतं. सगळ्यांची मागणी एकदम येते आणि वखारीतला माल मात्र पावसाळ्यात तोडलेला, वरून चार महिने पाऊस झेललेला. वखारवाला सांगायचा, “सर, वाळलेलंच आहे, बघा की.” आणि दिसायलाही ते वाळलेलंच दिसायचं, कारण लाकूड बाहेरून आधी वाळतं. आतला गाभा ओला आहे हे फोडल्याशिवाय कळत नाही.

पेटवल्यावर मात्र कळायचं. ढलपीच्या टोकाला फेस यायचा, सूं सूं आवाज करत पाणी गळायचं, बंबाच्या नळीतून पिवळसर पांढरा धूर यायचा आणि आत डांबरासारखी चिकट काजळी धरायची. स्वयंपाकाच्या मावशी पहाटे चारला उठून फुंकणीनं फुंकून फुंकून डोळे लाल करून घ्यायच्या. पाणी कोमट होईपर्यंत शाळेची घंटा व्हायची. मोठी मुलं पुढे जाऊन ऊन पाणी घ्यायची आणि पाचवी-सहावीच्या मुलांच्या वाट्याला गार पाणी यायचं.

एका पहाटे मावशींनी मला लाकडाचं पहिलं शास्त्र सांगितलं. एक ढलपी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “सर, हिचं ताजं फोडलेलं अंग गालाला लावा.” लावलं तर गार, दमट. मग तव्याखालची, वर्षभर कोनाड्यात पडलेली एक ढलपी दिली. ती गालाला गार लागत नव्हती. “ही जळती. ती नुसती शिजती,” त्या म्हणाल्या. त्यांनीच मला दोन ढलप्या एकमेकींवर आपटून दाखवल्या. वाळलेल्या दोन लाकडांचा आवाज खणखणीत येतो. ओल्यांचा थप्प असा बसका येतो. वाळलेल्या लाकडाच्या कापलेल्या टोकाला मधून बाहेर जाणाऱ्या चिरा पडलेल्या असतात, साल सुटायला आलेली असते, रंग विटलेला असतो आणि आकाराच्या मानानं लाकूड हाताला हलकं लागतं. यातली एकच खूण बघून फसायला होतं. चिरा तर आठ दिवसांत पडू शकतात. पण गाल, आवाज, साल आणि वजन अशा चारही खुणा जुळल्या, तर ते लाकूड घ्यायला हरकत नाही.

पुढे मी हिशेब मांडला, तो इथे देतो, कारण संस्थाचालकांना भावनेपेक्षा हिशेब लवकर पटतो. ऐंशी मुलं, प्रत्येकी 15 लिटर ऊन पाणी, म्हणजे 1,200 लिटर. पाणी 18 अंशांवरून 42 अंशांवर न्यायचं तर 28,800 किलोकॅलरी उष्णता लागते. बाभळीच्या पूर्ण कोरड्या लाकडात किलोमागे साधारण 4,800 किलोकॅलरी असतात. पण बाजारात लाकडासोबत पाणीही तोललं जातं. ताज्या तोडीच्या लाकडात वजनाच्या साधारण चाळीस टक्के पाणी असतं. नीट वाळलेल्यात पंधराच्या आसपास. म्हणजे एक क्विंटल ओल्या लाकडात 60 किलो लाकूड आणि 40 किलो पाणी. वाळलेल्यात 85 किलो लाकूड आणि 15 किलो पाणी. शिवाय ते पाणी आधी उकळून वाफ होऊन गेल्याशिवाय लाकूड नीट पेट घेत नाही, आणि ती उष्णता लाकडाचीच खर्च होते. दोन्ही मिळून वाळलेलं एक किलो लाकूड ओल्याच्या दीडपट उष्णता देतं. आमच्या बंबात निम्म्याहून जास्त उष्णता नळीतून वर जायची. एक तृतीयांश पाण्याला मिळाली तरी पुष्कळ. तरीही वाळलेल्या बाभळीवर सगळ्या मुलांची आंघोळ रोज बावीस किलोंच्या आसपास व्हायला हवी. ओल्या लाकडाचे तेहेतीस किलो लागतात, आणि त्यात आग मंद राहते म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही जास्त.

हा हिशेब समजला, तरी वाळलेलं लाकूड मिळत नव्हतं. ते का मिळत नाही याचं उत्तर मला खुलताबाद तालुक्यातल्याच एका शेतकऱ्यानं दिलं. आम्ही त्यांना मामाच म्हणायचो. त्यांच्या बांधावर आणि ओढ्याच्या काठाला बाभळी होत्या आणि दर दोन-तीन वर्षांनी त्यातल्या काही ते काढायचे. मी त्यांना म्हणालो, “मामा, आम्हाला वाळवून द्या.” ते शांतपणे म्हणाले, “देतो की सर. पण आज शंभर किलो तोललेलं लाकूड उन्हाळ्यानंतर काट्यावर सत्तर भरतं. ते तीस किलो कुणाच्या खिशातून जाणार? दर तर तुम्ही ओल्याचाच देणार.”

या विषयातली सगळी मेख त्या प्रश्नात होती. शंभर किलो ओल्या लाकडात 60 किलो कोरडा ऐवज असतो; ते पंधरा टक्के ओलाव्यापर्यंत वाळलं की सत्तर किलो उरतं. म्हणजे वाळलेल्या लाकडाला ओल्याच्या सुमारे 1.4 पट दर मिळाला, तरच विकणाऱ्याची फक्त बरोबरी होते. जागा, फोडणी आणि पाच महिने अडकलेला पैसा वेगळाच. आपण मात्र वाळलेलं लाकूड मागतो आणि ओल्याचा दर देतो. मग शहाणा माणूस लाकूड वाळवेल कशाला? तो ताजं तोडेल, ताजंच तोलेल आणि वरून पाणी मारायचा मोहही कुणाला होईल. ओल्या मालाबद्दल मी वखारवाल्यांना पुष्कळ बोल लावलेले ऐकले आहेत. खरं पाहता हा बाजार आपल्या खरेदीच्या पद्धतीनं घडवला आहे.

संस्थेच्या खरेदी समितीपुढे हे नेणं सोपं नव्हतं. नियम साधा होता: तीन दरपत्रकं मागवा, सगळ्यात कमी दर स्वीकारा. लेखापरीक्षणात विचारणा होते ती दराची. लाकडातल्या पाण्याची होत नाही. मी समितीच्या सभासदांना एका सकाळी वसतिगृहावर बोलावलं. दोन सारखे बंब, दोन्हींत सारखंच गार पाणी. मावशींच्या काट्यावर प्रत्येकी पाच किलो लाकूड तोललं. एका बाजूला वखारीतून नुकतं आलेलं, दुसऱ्या बाजूला मामांच्या खळ्यावर वर्षभर पडून वाळलेली बाभूळ. दोन्ही एकदम पेटवले. वाळलेल्या लाकडाच्या बंबातून थोड्याच वेळात धूर दिसेनासा झाला आणि नळीच्या तोंडाशी नुसती गरम हवा थरथरताना दिसू लागली. दुसऱ्याचा धूर सभासदांच्या खुर्च्यांपर्यंत आला आणि त्यांनी खुर्च्या हलवल्या. लाकूड संपल्यावर दोन्हींची तोटी सोडली. एकाचं पाणी विसण घातल्याशिवाय अंगावर घेता येणार नाही इतकं कढत; दुसऱ्याचं कोमट. सभासदांपैकी एक गृहस्थ निवृत्त अभियंता होते. त्यांनी दोन्ही पाण्यांत हात घालून पाहिला आणि म्हणाले, “आपण आजवर पाणी तोलून घेत होतो.” त्याच बैठकीत दरपत्रकाच्या अटींत एक ओळ वाढली: लाकूड फोडलेलं असावं आणि आतल्या अंगाचा ओलावा वीस टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. दर त्या प्रतीचा.

ओलावा मोजायला दोन टोकदार सुयांचं छोटं यंत्र मिळतं. ते वापरताना एक गोष्ट सांभाळावी लागते. सुया बाहेरच्या अंगाला टोचायच्या नाहीत. ढलपी तिथल्या तिथे उभी फोडायची आणि आतल्या ताज्या अंगाला, मधोमध टोचायच्या. बाहेर चौदा दाखवणारं लाकूड आत तीस दाखवतं. यंत्र नसेल तरी अडत नाही. मामांच्या खळ्यावर आम्ही एक जाड ढलपी निवडली, तिच्या अंगावर तेलखडूनं खूण केली आणि तिचं वजन भिंतीवर लिहून ठेवलं. फेब्रुवारीत 4 किलो 200 ग्रॅम. ती गंजीच्या मधल्या थरात ठेवली आणि मामांचा नातू दर बाजाराच्या दिवशी ती काढून तोलायचा, भिंतीवर आकडा लिहायचा आणि परत जागेवर ठेवायचा. आधी आकडे भराभर उतरत गेले, मग हळूहळू, आणि मे महिन्यात 2 किलो 900 ग्रॅमवर येऊन थांबले. वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं. शाळेत न शिकवलेला हा प्रयोग पुढे आमच्या मुलांनीही वसतिगृहाच्या अंगणात करून पाहिला आणि विज्ञानाच्या प्रदर्शनात मांडला.

लाकूड वाळवायला आपल्या मराठवाड्यासारखी जागा नाही. बर्फाच्या देशांत लाकूड वाळायला एखादं वर्ष, जाड असेल तर दोन वर्षं लागतात. आपल्याकडे फेब्रुवारी ते मे हवा इतकी कोरडी आणि ऊन इतकं कडक असतं की हाताच्या जाडीची ढलपी एका उन्हाळ्यात खणखणीत होते. अट एवढीच, की संक्रांतीच्या आगेमागे तोड व्हावी, म्हणजे खरिपाची कामं आटोपलेली असतात आणि पुढे पाच कोरडे महिने मिळतात. लाकूड ओलं असतानाच फोडावं. ओली बाभूळ कुऱ्हाडीला बरी लागते. वाळल्यावर तीच घण आणि पाचरीला दाद देत नाही. सालीतून पाणी बाहेर पडत नाही, ते फोडलेल्या अंगातून आणि त्याहून जास्त कापलेल्या टोकांतून जातं. म्हणून लांब ओंडके ठेवण्यापेक्षा हातभर तुकडे करून उभे चिरलेले बरे.

रचणंही महत्त्वाचं. खाली दगड किंवा विटा मांडून लाकूड जमिनीपासून उचलावं, नाहीतर वाळवी लागते. एक थर आडवा, एक उभा, मधून वारा वाहील अशी गंजी रचावी आणि ती वाऱ्याच्या वाटेवर असावी, भिंतीला चिकटून नको. मृगाच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत, माल पत्र्याखाली जायला हवा. पत्रा फक्त डोक्यावर, बाजू उघड्या. ताडपत्रीनं चारही बाजूंनी गुंडाळून ठेवलेली गंजी मी एका ठिकाणी पाहिली आहे. आतला दमट वारा बाहेर पडू न शकल्यामुळे लाकडाला पांढरी बुरशी आली होती. बाभळीला आणखी एक शत्रू म्हणजे आतून पोखरणारा किडा. लाकडाखाली पिठासारखा भुगा दिसला की तो थर आधी जाळायला घ्यावा. साल काढून ठेवलेल्या लाकडाला हा त्रास कमी होतो. पूर्वी बाभळीची साल कातडं कमावायला जायची, त्यामुळे ती आपोआपच निघायची.

कोणतं लाकूड घ्यावं, हेही लोक विचारतात. आमच्या भागात बाभळीला तोड नाही: जड, सावकाश जळणारी, निखारा धरून ठेवणारी. पडीक जमिनीवर आणि नाल्यांच्या काठाला माजलेली वेडी बाभूळ जळणाला तितकीच चांगली. ती बाहेरच्या खंडातून आलेली, तोडली तरी खोडापासून पुन्हा फुटणारी. काट्यांमुळे तोडणाऱ्याचे हाल होतात म्हणून तिला गिऱ्हाईक कमी. पण जळणासाठी झाड तोडायचंच असेल तर आधी तीच तोडावी असं माझं ठाम मत झालं. सुबाभूळ लवकर वाळते आणि लवकर जळून जाते. बंब पेटवायला चांगली, रात्रभराच्या निखाऱ्याला नाही. लिंबाचा धूर डोळ्यांना झोंबतो. पेटवण्यासाठी पऱ्हाट्या, तुराट्या आणि दाणे काढलेली मक्याची कणसं आमच्या भागात मुबलक असतात. त्यांची एक मोळी बंबाशेजारी कोरडी ठेवली की रॉकेलची आठवण होत नाही.

लाकूड कुठून आलं हे विचारणं मी कधीच सोडलं नाही. संभाजीनगर आणि जळगाव जिल्ह्यांच्या सीमेवर गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे. ते 1986 साली जाहीर झालं. तिथलं किंवा कुठल्याही राखीव वनातलं लाकूड स्वस्तात देऊ करणारे लोक भेटतात. वसतिगृहातल्या मुलांच्या आंघोळीसाठी जंगल चोरीला जावं, हे मला कधीच मान्य नव्हतं. खासगी शेतातल्या झाडांनाही नियम आहेत. झाडं तोडण्याच्या नियमनाचा राज्याचा 1964 चा कायदा आहे आणि त्याच्या अनुसूचीत आंबा, चिंच, जांभूळ, मोह अशी झाडं येतात. ती मालकालाही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. म्हणून दरपत्रकासोबत लाकडाची जात, शेताचा गट नंबर आणि लागू असेल तिथे परवानगी व वाहतुकीचा पास मागायचा, ही पद्धत आम्ही ठेवली. एका बाभळीमागे बांधावर रोपं लावायची असंही मामांशी ठरलं होतं, आणि त्यांनी ते पाळलं.

पुढचा व्यवहार असा बसला. दिवाळीनंतर शेतावर जाऊन झाडं बघायची. संक्रांतीला तोड सुरू होताना थोडी रक्कम आगाऊ द्यायची, म्हणजे तोडणाऱ्यांची आणि फोडणाऱ्यांची मजुरी भागते. मे महिन्याच्या शेवटी माल आमच्या काट्यावर तोलून घ्यायचा, ओलावा बघायचा आणि वाळलेल्याचा दर देऊन हिशेब मिटवायचा. दर क्विंटलला आम्ही जास्त मोजत होतो; पण क्विंटल कमी लागत होते, वाहतूक कमी होत होती आणि हंगामातली दरवाढ टळत होती. कागदावर महाग दिसणारं लाकूड वर्षाअखेर स्वस्त पडलं. मावशींचा पहाटेचा खोकला कमी झाला. शेवटच्या रांगेतल्या लहान मुलालाही ऊन पाणी मिळू लागलं, आणि माझ्या दृष्टीनं या खरेदीचं खरं फळ तेच होतं.

काही वर्षांनी गच्चीवर सौर बंब बसला. आपल्याकडे हिवाळ्यात ऊन स्वच्छ असतं, त्यामुळे त्याचा फार आधार झाला आणि मी प्रत्येक वसतिगृहाला तो बसवायला सांगतो. पण ढगाळ दिवस येतात, आणि एवढ्या मुलांच्या पहाटेच्या आंघोळीला टाकी एकट्यानं पुरत नाही. घरांतही तेच दिसतं. 2016 मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली, गावोगावी सिलिंडर पोचले, आणि बायकांच्या डोळ्यांतला धूर पुष्कळ कमी झाला. तरीही आंघोळीचं पाणी अनेक घरांत आजही चुलीवरच तापतं, कारण सिलिंडर जपून वापरायचा असतो. जोवर लाकूड जळणार आहे, तोवर ते वाळलेलं जळावं, एवढं तरी आपल्या हातात आहे.

इतर देशांनी हे कायद्यानं केलं आहे. इंग्लंडमध्ये 1 मे 2021 पासून दोन घनमीटरपेक्षा कमी प्रमाणात जळाऊ लाकूड विकायचं असेल, तर त्यातला ओलावा वीस टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. त्याहून मोठ्या प्रमाणात ओलं लाकूड विकणाऱ्याला ते कसं वाळवावं याची सूचना सोबत द्यावी लागते. शहरांतली हवा ओल्या लाकडाच्या धुरानं बिघडते म्हणून हा नियम आला. आपल्याकडे असा कायदा होईल तेव्हा होवो. आपल्याकडे ऊन आहे, बांधावर बाभळी आहेत, वाळवण्याची विद्या जाणणाऱ्या मावशी आणि मामा आहेत. नाही ती फक्त वाळवण्याचे पैसे देण्याची सवय.

म्हणून वसतिगृहांच्या अधीक्षकांना, आश्रमशाळांच्या मुख्याध्यापकांना, आचाऱ्यांना आणि हिवाळ्यात बंब पेटवणाऱ्या प्रत्येक घराला माझं एवढंच सांगणं आहे. जळणाची खरेदी थंडीवर टाकू नका. ते संक्रांतीला सांगा आणि मृगाच्या आधी घरात घ्या. दरपत्रकात ओलाव्याची अट घाला. आणि जो शेतकरी तुम्हाला खणखणीत वाळलेलं लाकूड देतो, त्याला क्विंटलमागे जास्त पैसे देताना हात आखडू नका, कारण त्या जादा दरात तुम्ही त्याच्या पाच महिन्यांच्या राखणीची किंमत देता, आणि ती तुम्हाला बंबातल्या पाण्यात परत मिळते.